न मागणाऱ्या घरातले जर्मन धडे

एप्रिल लागला की आमच्या अन्नपूर्णा भागातल्या फ्लॅटमध्ये दोन गोष्टी एकदम सुरू होतात: कूलरची घरघर आणि परीक्षेची घोकंपट्टी. यंदा घोकंपट्टी जर्मनची आहे. माझी नात सई पुढच्या वर्षी तिकडे शिकायला जायचं म्हणतेय. त्यामुळे ती मोबाइल हातात धरून घरभर फिरते आणि मोबाइलमधली बाई सांगेल तसं ओरडते. परवा दुपारी मी कैऱ्या किसत बसले होते. ती मागून आली आणि माझ्या कानाशी खणखणीत आवाजात म्हणाली, "हेल्फेन झी मीर!"

किसणी माझ्या हातून सुटली. कैरी घरंगळत ओट्याखाली गेली.

"अरे आजी! क्या हुआ? लागलं का?"

"काही नाही."

"काही नाही क्या? किसणी सुटली ना हातातून. मी तर बस रट्टा मारत होते. ऑर्डरवाली वाक्यं आहेत, एक्झाममध्ये पक्की येतात."

ऑर्डरवाली वाक्यं म्हणजे आज्ञार्थ. आज्ञार्थ आणि त्याला चिकटून येणारी सर्वनामं: ते मला दे, ती त्याला दाखव, आम्हाला सांगा. हा धडा मी सईच्या वयाची असताना शिकले होते आणि तोही इथेच, इंदुरात, हे तिला ठाऊक नव्हतं. कोणालाच ठाऊक नव्हतं म्हणा. मी त्यानंतर जर्मनचा एक शब्द तोंडातून काढलेला नाही. तीन शब्द कानावर पडताच हातातलं गळून पडेल, एवढं ते अजून ताजं असेल, याची मात्र मलाही कल्पना नव्हती.

तो स्वातंत्र्यानंतरच्या मध्यभारत राज्याच्या दिवसांतला उन्हाळा. आज कोणाला सांगितलं तर खरं वाटत नाही, पण तेव्हा आमच्या राज्याला दोन राजधान्या होत्या. हिवाळ्यात सरकार ग्वाल्हेरला, उन्हाळ्यात इंदूरला. शिंद्यांचा मान राहावा, होळकरांचाही राहावा, असा तो तोडगा. ऊन तापायला लागलं की ग्वाल्हेरची कचेरी पेट्या भरून इकडे यायची. स्टेशनावर तांगेवाल्यांची चंगळ, खोल्यांचे भाव दुप्पट, आणि भाजीबाजारात एकदम निराळ्या हेलाचं मराठी ऐकू येई. "ग्वाल्हेरवाले आले," असं आमच्याकडे टोळ आले म्हणावं तशा सुरात म्हटलं जाई. तेही आम्हाला कमी लेखत. इंदूरच्या लोकांना खाण्यापलीकडे काही सुचत नाही, असं त्यांचं मत होतं. ते अगदीच खोटं नव्हतं.

त्या उन्हाळ्याचा वास मला अजून येतो. वाळ्याच्या पडद्यावर पाणी मारलं की येणारा ओला, मातकट वास. चुलीत भाजलेल्या कैरीचा. दुपारी गिरणीचा भोंगा झाला की रस्ता पुन्हा ओस पडायचा आणि घरात सगळे जमिनीवर चटया टाकून लवंडायचे. संध्याकाळी मात्र माळव्याचा तो प्रसिद्ध वारा सुटायचा आणि दिवसभराचं सगळं माफ करून टाकायचा. त्या वाऱ्यावर माझा फार जीव होता. आता कूलरच्या खोक्यासमोर बसलं की वाटतं, याला काय वारा म्हणायचं?

आमचे वडील, नाना, होळकर सरकारच्या हुजूर कचेरीत होते. संस्थान गेलं, नाना राहिले. तीच इमारत, तीच खुर्ची, फक्त वरच्या पाटीवर मध्यभारत आलं. पण माणसाच्या आतली पाटी इतक्या झटपट बदलत नसते. दरबारात कोणी स्वतःसाठी तोंड उघडून मागत नसे. गोष्ट कोणाच्या तरी 'कानावर घालायची', त्यानं ती वरच्याच्या कानावर घालायची, आणि मर्जी झाली की मिळायचं. नानांनी हीच रीत घरात आणली होती. भूक लागली तर "आज जरा उशीर झालाय का?" असं विचारायचं. वरणात मीठ कमी असलं तर आई म्हणायची, "आज वरण साधंच झालंय, नाही?" आणि मग मीठ यायचं. माझी चप्पल तुटली तेव्हा मी ती नानांच्या वाटेत, बरोबर त्यांचा पाय अडखळेल अशी ठेवली. दुसऱ्या दिवशी नवी जोडी हजर. "आमच्या घरात न मागता मिळतं," असं आई आल्यागेल्याला कौतुकानं सांगायची. आणि आम्हाला त्याचा अभिमानच होता. मागणारी घरं वेगळी, आपलं घर वेगळं.

या घरात माझी वहिनी आली ती गौतमपुऱ्याहून. मी तिला अहो-जाहो करायची, पण लिहिताना ती 'ती'च होते. तिचे वडील तिथे शेती बघत. घर माणसांनी आणि जनावरांनी भरलेलं. तिथे हळू बोललेलं कोणाला ऐकूच जात नसे. लग्नात तिला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती मांडवाच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या भावाला ओरडून सांगत होती, "ए भिया, वो पाट इकडे आण, मला बसायला काही नाहीये!" नवरी मुलगी! आमच्याकडची सगळी मंडळी थिजली. आईनं फक्त माझ्याकडे बघितलं. लग्नाला सहा महिने व्हायच्या आत वहिनी इतकी शांत झाली की आई तिचंही कौतुक सांगू लागली. गौतमपुऱ्याची पोर, पण कशी पटकन वळण लागलं बघा!

लग्नानंतर लगेचच माझा दादा जर्मनीला गेला. गिरणीनं त्याला यंत्रांचं काम शिकायला पाठवलं होतं. तिथे बस्तान बसल्यावर त्यानं कळवलं की तिलाही पाठवा, फक्त थोडी भाषा येऊ द्या, इथे बाजारात आणि दवाखान्यात मी कायम बरोबर नसेन. नानांनी बराच विचार केला. ओळखीतलं एक डॉक्टरांचं कुटुंब पावसाळ्यानंतर बोटीनं तिकडे निघणार होतं. त्यांच्या सोबतीनं जायचं तर ठीक. एकटीला पाठवायचा प्रश्नच नव्हता. आणि तोवर भाषा आली नाही तर दादा परत येईपर्यंत तिनं इथेच राहायचं. म्हणजे सगळं त्या एका उन्हाळ्यावर होतं. कारण शिकवणारे मुळ्ये मास्तर ग्वाल्हेरच्या कचेरीबरोबर आले होते आणि कचेरीबरोबरच परत जाणार होते.

मुळ्ये मास्तर कचेरीत भाषांतराचं काम करत. मूळचे संस्कृतचे पंडित. जर्मनांनी आपल्या वेदांवर काय लिहून ठेवलंय ते स्वतः वाचावं म्हणून ते एकट्यानं, पुस्तकं मागवून, जर्मन शिकले होते. त्यांनी जर्मन माणूस कधी पाहिलेला नव्हता. उच्चार देवच जाणे. पण शिकवण्याचा उत्साह असा की डोक्यावरची टोपी घसरली तरी लक्ष नसे. सुट्टीच्या दिवशी दुपारी आणि इतर दिवशी कचेरी सुटल्यावर ते येत. ओसरीवर एका बाजूला मास्तर, समोर आम्ही दोघी. वहिनीनं एकटीनं परपुरुषासमोर बसू नये म्हणून मी. वाळ्याच्या पडद्याआड आरामखुर्चीत नाना. ते झोपलेत असं आपण समजायचं.

आज्ञार्थाचा धडा आला तेव्हा मास्तर विशेष खुलले. "आपल्या मराठीत 'मला' एकच. मला दे आणि मला ने, दोन्हीकडे तेच. जर्मन तसं चालू देत नाही. 'दे' म्हटलं की चतुर्थी, मीर. 'ने' म्हटलं की द्वितीया, मिश. शुद्ध पाणिनीच!" आणि क्रमही उलटा. आपण म्हणतो, मला ते दे. तिथे म्हणायचं, दे ते मला. गिब एस मीर. आधी क्रिया, मग वस्तू, आणि मी सगळ्यात शेवटी. आदरानं सांगायचं तर 'आपण' हा शब्द मोठ्यानं म्हणावा लागतो: गेबेन झी एस मीर, द्या आपण ते मला. पडद्याआडून नानांचा आवाज आला, "आज्ञेतसुद्धा आपण? खानदानी भाषा दिसतेय." झोपलेला माणूस असा मधूनच बोलत असे.

मास्तरांनी एक युक्ती काढली होती. मध्ये तांब्याचं फुलपात्र ठेवायचं. एकानं ते उचलायचं, दुसऱ्यानं हुकूम सोडायचा: त्याला दे, तिला दे, आम्हाला दे, मला दे. हुकूम बरोबर असेल तरच फुलपात्र हलवायचं. मला हा खेळ फार आवडायचा. मी मनसोक्त हुकूम सोडायची. त्या घरात एवढ्या मोठ्यानं 'मला दे' म्हणायला मिळतंय, तेही नानांच्या देखत, ही चैनच होती.

वहिनीचंही सुंदर चाले. त्याला दे म्हणे, तिला दे म्हणे, आम्हाला म्हणताना तर गौतमपुऱ्याचा तो जुना खणखणीत आवाज लागे. पण 'मला'वर आली की गाडी थांबायची. "गेबेन झी एस..." एवढं म्हणून ती पदर सारखा करायची आणि गप्प. मास्तर वाट बघत. "पुढे, सूनबाई? कोणाला?" ती खाली बघे. मास्तरांना कोडं पडलं. कठीण रूपं येतात आणि हे सोपं येत नाही?

"अहो सूनबाई," एक दिवस ते काकुळतीला येऊन म्हणाले, "जर्मनीतला दुकानदार विचारील ना, कोणाला देऊ म्हणून?"

"समजून घेईल की तो," वहिनी म्हणाली. "समोर मी एकटीच असेन."

आम्ही किती हसलो! आईसुद्धा स्वयंपाकघरातून हसली. ते वाक्य मग आमच्याकडे म्हणीसारखं झालं. कोणी पाट मांडताना, कोणी ताट वाढताना म्हणे, समजून घेईल की. आता आठवलं की लाज वाटते. त्या हसण्यात तीही सामील होती, हे जास्तच.

मे महिना सरत आला तशी वहिनी जेवणावरून लवकर उठायला लागली. आई म्हणाली, ऊन बाधलंय. जिऱ्याचं पाणी दिलं, सब्जा दिला. वहिनी म्हणाली, बरं आहे आता. धड्याला बसताना ती मांडी घालायची सोडून गुडघे पोटाशी घेऊन बसू लागली. मी विचारलं, "वहिनी, बरं नाही का तुम्हाला?"

"काही नाही हो वन्सं. पोटात जरा गॅस धरलाय. हो जाएगा ठीक."

आणि ती उठून नळावरून दोन कळश्या घेऊन आली. दोन्ही भरलेल्या. हे आम्ही सगळ्यांनी पाहिलं. कळशी उचलणारी बाई आजारी असते असं आमच्याकडे कोणाच्या मनात येत नसे. आजार दिसला पाहिजे. अंथरुणावर पडला पाहिजे. नाहीतर तो कोणाच्या कानावर घातला पाहिजे. तिनं तो घातला नाही, कारण कोणाच्या घालायचा? दादा सातासमुद्रापार. आईच्या कानावर घातलं तर आई नानांच्या घालणार, नाना डॉक्टरला बोलावणार, डॉक्टर काहीतरी नाव देणार, आणि आजारी सुनेला बोटीवर कोण पाठवणार? हा हिशेब तिनं मनात मांडला होता, हे तिनंच मला पुष्कळ वर्षांनी सांगितलं. वर म्हणाली, "आणि खरं सांगू वन्सं? मला वाटलं, तुमच्या घरात न सांगता कळतं."

तो रविवार होता. बाहेर लूच्या झळा अशा की कावळेसुद्धा सावली धरून गप्प. मास्तर छत्री आणि ओला पंचा घेऊन आले. आज आपापली वाक्यं करायची, असं त्यांनी सांगितलं. पुस्तकातली नकोत. मी कसलंतरी आंब्याचं वाक्य केलं, ते बरोबर निघालं. मग वहिनीची पाळी. तिचा चेहरा मेणासारखा झाला होता आणि वरच्या ओठावर घाम होता. पण घाम आम्हा सगळ्यांनाच आलेला होता.

तिनं मास्तरांकडे सरळ बघितलं. एरवी ती त्यांच्या टोपीकडेही बघत नसे. आणि म्हणाली, "हेल्फेन झी मीर."

मदत करा आपण मला.

मास्तरांनी जमिनीवर थाप मारली. "वा! आला! मीर आला!"

"ब्रिंगेन झी मिश त्सुम डॉक्टर."

न्या आपण मला डॉक्टरकडे.

"आणि मिशही! चतुर्थीही बरोबर, द्वितीयाही बरोबर! सूनबाई, जिंकलंत!" मास्तर उठून उभेच राहिले. मी टाळ्या वाजवल्या. पडद्याआडून नाना म्हणाले, "शाब्बास!" त्यांनी वहिनीला थेट उद्देशून उच्चारलेला तो पहिला शब्द असावा.

"पुन्हा एकदा," मास्तर म्हणाले. "आवाज मोकळा सोडा. जरा मोठ्यानं!"

आणि तिनं पुन्हा म्हटलं. मोठ्यानं म्हटलं. मास्तर मान डोलवत ऐकत होते, मी हसत होते, आणि ती तिसऱ्यांदा म्हणू लागली.

आई स्वयंपाकघरातून धावत आली. हात कणकेनं भरलेले, पदर सुटलेला. "अहो, काय शाब्बास चाललंय!" ती ओरडली. माझ्या आईला मी त्यापूर्वी कधी ओरडताना ऐकलं नव्हतं. "पोर रडतेय ती! कळत नाही का तुम्हाला? मेल्यांनो, धडा असा म्हणतात का?" तिला जर्मनचं अक्षर कळत नव्हतं. तिला फक्त आवाज ऐकू आला होता. तोवर वहिनी भिंतीला धरून खाली घसरली होती आणि फुलपात्र कलंडून पाणी ओसरीभर झालं होतं.

वहिनी वाचली, हे इथेच सांगून टाकते. उगाच कोणाचा जीव टांगणीला नको. अपेंडिक्स आत फुटलं होतं. आणखी थोडा उशीर झाला असता तर गेली असती, असं डॉक्टर म्हणाले. पण ती वाचेल हे त्या दुपारी आम्हाला ठाऊक नव्हतं. तांग्यात आईच्या मांडीवर तिचं डोकं, समोर मी, आणि नाना तांग्यात जागा नाही म्हणून त्या उन्हात, डोक्यावर टोपी न घेता, मागून जवळजवळ पळत येत होते. हुजूर कचेरीतले नाना. रस्त्यावरचे लोक बघत होते.

दवाखान्यातला डॉक्टर तरुण होता आणि तापट होता. "दर्द कब से है?" त्यानं विचारलं. आम्ही एकमेकांकडे बघत राहिलो. नाना आईकडे, आई माझ्याकडे. "घर में इतने लोग हैं, किसी को नहीं बताया इसने?" त्यानं पुन्हा विचारलं. आई बोलायला गेली. "नहीं जी, हमारे घर में तो..." एवढं म्हणून ती थांबली. ते वाक्य तिनं आयुष्यात किती जणांना सांगितलं असेल. त्या दिवशी ते तिच्याच्यानं पुरं झालं नाही.

मला जो धक्का बसला तो तिच्या आजाराचा नव्हता. माणसं आजारी पडतात. धक्का याचा होता की ती बोलली होती. स्पष्ट, मोठ्यानं, तीन-तीनदा. आणि आम्ही टाळ्या वाजवल्या. त्या ओसरीवर जर्मन कळणारी दोन माणसं होती, तिचा शब्दन् शब्द आम्हा दोघांना समजला होता, आणि तरी तो आमच्या मनापर्यंत आला नाही. सून स्वतःसाठी काही मागतेय, ही गोष्ट आमच्या घरात धड्याशिवाय दुसरी काही असूच शकत नव्हती.  एवढी वर्षं झाली, किती मरणं पाहिली, तरी त्या टाळ्यांइतकं काही मला दचकवत नाही.

मुळ्ये मास्तर संध्याकाळी दवाखान्याच्या फाटकाशी आले. आत आले नाहीत. छत्री मिटलेली, तरी दोन्ही हातांनी धरलेली. मी बाहेर गेले तर मला म्हणाले, "वत्सले, मी विभक्ती तपासत होतो गं."  पहिला पाऊस पडल्यावर कचेरी ग्वाल्हेरला गेली, तिच्याबरोबर तेही गेले. पुढच्या उन्हाळ्यात आले तेव्हा लालबागेच्या रस्त्यावर एकदा दिसले. मी हाक मारली, त्यांनी ऐकली नसावी. माणूस चांगला होता. अशा चांगल्या माणसांचंच मला जास्त वाईट वाटतं.

हे सगळं मी परवा सईला सांगितलं. तुकड्या-तुकड्यांत, कैरी किसत, मधूनच उठून गॅस बारीक करत. ती मोबाइल खाली ठेवून ऐकत होती. तिचा चेहरा उतरला होता.

"पण आजी, तिनं मराठीत का नाही सांगितलं? मतलब, सीधा बोलायचं ना. पोटात दुखतंय, चलो डॉक्टरकडे. इतकं तर आहे."

"हो, इतकंच तर आहे."

"मग?"

 सई चहा हवा असला की खोलीतून ओरडते, पाणी हवं असलं की ओरडते, तिच्या बापाला चार माणसांत "बाबा, मला ते नकोय" म्हणून सांगते. मला कधीकधी राग येतो. हल्लीच्या मुलांना रीत नाही, असं मीही चार बायकांत म्हणते. परवा म्हटलं नाही. मी तिला सांगितलं, वहिनीला मराठीत ते वाक्य येत नव्हतं. ती म्हणाली, "व्हॉट नॉनसेन्स, आजी." बरोबर आहे तिचं. मला तरी हे कुठे नीट समजलंय? परक्या भाषेत सासूसासरे नसतात, एवढंच मला वाटतं. तिथे 'मला' म्हटलं तर कोणी मान वळवून बघत नाही.

वहिनी त्या बोटीनं गेली नाही. टाके भरून यायला वेळ लागला आणि डॉक्टरांचं कुटुंब पुढे निघून गेलं. पण पुढल्या वर्षी ती गेली, एकटीच, आणि नाना मुंबईपर्यंत तिला पोचवायला गेले. एकटीला पाठवायचं नाही, हे त्यांचं बोलणं त्यांना कोणी आठवून दिलं नाही. आता दादा नाही, वहिनीही नाही, नाना तर कधीचेच गेले. इंदूरही कोणाची उन्हाळी राजधानी राहिलेलं नाही. उन्हाळा तेवढा येतो. त्याला बोलवावं लागत नाही.

मला मात्र त्या सगळ्यातून सारखी आठवते ती दुसऱ्या दिवशीची सकाळ. शस्त्रक्रिया झाली होती. आई आंघोळीला घरी गेली होती. खाटेजवळ मी, आणि दाराशी, खोलीत पूर्ण न येता, स्टुलावर नाना. सून निजलेली असताना सासऱ्यानं खोलीत येऊ नये म्हणून ते उंबऱ्याजवळ, तोंड बाहेर करून बसले होते. रात्रभर तिथेच होते. खिडकीतून ऊन खाटेवर येऊ लागलं तेव्हा वहिनीनं डोळे उघडले. नाना दिसताच तिचा हात सवयीनं पदराकडे गेला. पण हाताला सलाईन होतं, तो निम्म्यावरून खाली पडला. पदर तसाच राहिला.

तिनं माझ्याकडे बघितलं. काहीही हवं असलं की ते माझ्यामार्फत जायचं, अशी रीत होती. मी पुढे वाकले. पण तिनं नजर माझ्यावरून काढली आणि दाराकडे वळवली.

"मामंजी," ती म्हणाली. आवाज नव्हताच जवळजवळ. "मला पाणी द्या."

नाना उभे राहिले.  मग सरळ आत आले, कोपऱ्यातल्या सुरईतलं पाणी भांड्यात ओतलं. निम्मं बाहेर सांडलं. ते खाटेशी आले तोच नर्स धावत आली.

"नहीं नहीं, बाबूजी! पानी मना है। डॉक्टर साहब नाराज होंगे।"

"अहो, पण तिनं मागितलंय," नाना तिला मराठीत म्हणाले. तिला मराठी येत नसावं. नाना पुन्हा म्हणाले, "तिनं मागितलंय हो." त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता. माझ्या वडिलांना मी कोणापुढे असं गयावया करताना पाहिलं नव्हतं, महाराजांपुढेही नाही.

नर्सला काय वाटलं कोण जाणे. तिनं कापसाचा बोळा करून त्यांच्या हातात दिला. "सिर्फ होंठ गीले कर दो। बस, उतना ही।"

नानांनी बोळा भांड्यात बुडवला. आमच्या घरात सासऱ्याची सावली सुनेवर पडू देत नसत. ते खाली वाकले आणि तिच्या सुकलेल्या ओठांवरून तो ओला कापूस हळूहळू फिरवला, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत. वहिनीनं डोळे मिटून घेतले. नानांनी हात मागे घेतला आणि ते परत दाराकडे वळणार, तेवढ्यात तिनं डोळे उघडले.

"आणखी," ती म्हणाली.

नानांनी नर्सकडे बघितलं नाही. स्टूल ओढून खाटेला लावलं, त्यावर बसले, आणि कापूस पुन्हा पाण्यात बुडवला.